म्हातारी पुढे जातानाच का ओरडते?

१

शनिवारी दुपारी म्हातारी बोगद्यातून बाहेर आली ती किंचाळतच.

आवाज नवा नव्हता. काही आठवडे तो येत होता आणि दाराच्या बिजागरीपासून माळ्यावरच्या उंदरांपर्यंत सगळ्यांच्या नावावर खपवून झाला होता. पण आज डॉक्टरांनी खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला आणि खालच्या सायकलच्या दुकानातली ठोकाठोकसुद्धा थांबवायला लावली. त्या शांततेत 'चींऽऽ' असा बारीक, दात आंबवणारा आवाज आला. तो कुठून येतोय यावर वाद घालायला मग कुणाला जागा उरली नाही.

म्हातारी म्हणजे वीतभर लांबीचं काळं इंजिन. दादानं ते सुटे भाग जोडून स्वतःच्या हातानं घडवलं होतं. दादा जन्मभर कचेरीत नकाशे काढत आला. निवृत्त झाल्यावर त्यानं, दाताच्या डॉक्टरांनी आणि टेप्या शिंप्यानं मिळून सायकलच्या दुकानावरची ही खोली घेतली आणि टेबलांवर डोंगर, बोगदा, पूल आणि एक स्टेशन असा छोटासा मुलूख वसवला. डॉक्टर या मंडळाचे अध्यक्ष होते. चार जणांच्या मंडळाला अध्यक्ष कशाला हवा, हे विचारायला पाचवा माणूस नव्हता, म्हणून ते टिकून होते.

चौथी होती तपासबाई, दादाची धाकटी बहीण. नोकरीभर तिनं विमा कंपनीसाठी आगीचे आणि चोऱ्यांचे दावे तपासले. कुणाचं गोदाम आपोआप जळलं आणि कुणाचं मालकानं जाळलं, हे ती राख चिवडून सांगायची. एकदा मागे लागली की लागली. ऑफिसात तिला पाठीमागे 'गोचीड' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

"मागे घे बघू," ती दादाला म्हणाली.

दादानं कंट्रोलरचा खटका फिरवला. म्हातारी मुकाट्यानं मागे गेली.

"आता पुढे."

चींऽऽ.

"फक्त पुढे जाताना ओरडते," तपासबाई म्हणाली. "मग चाकात केस अडकला, धूळ बसली, हे सगळं बाद. तसं असतं तर दोन्हीकडे ओरडली असती."

"जाऊ दे ना," दादा म्हणाला. तो नेहमीसारखा मान एका बाजूला वळवून उभा होता, जणू गाडीपेक्षा त्याला भिंतीतच जास्त रस. "वय झालं की कुरकुर व्हायचीच. चालतेय ना?"

"चालतेय काय?" डॉक्टर उसळले. "पुढच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे. पोरंटोरं कानात बोटं घालतील."

त्यांनी म्हातारीला उचलून खिडकीशी नेलं. तपासबाई मागोमाग गेली. इंजिनाच्या नाकावर, दिव्याच्या खाली, एक स्क्रू पिवळाधमक चमकत होता.

"हा काळा होता ना?" तिनं विचारलं.

होताच. म्हातारीचं झाकण चार स्क्रूंवर बसलेलं होतं, दोन पुढे, दोन मागे. चारही एका मापाचे. पुढचे दोन दिसण्यात येतात म्हणून दादानं ते काळे रंगवले होते आणि त्याचं कौतुक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून झालं होतं. आता त्यातला एक मागच्या बाजूला गेला होता आणि मागचा पितळी पुढे आला होता.

डॉक्टरांनी झाकण काढलं आणि भिंगाच्या चष्म्यातून आत पाहिलं. मोटरीच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक पितळी चकती असते, शर्टाच्या बटणाहून कितीतरी लहान. गाडी पुढे निघाली की दांडा पुढच्या चकतीवर रेटला जातो, मागे निघाली की मागच्या. मागची चकती जागेवर होती. पुढची नव्हती. दांडा नुसत्या लोखंडावर घासत होता.

"झाकण उघडल्याशिवाय ती बाहेर पडूच शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "कुणीतरी काढलीय. आणि कुणी ते मी सांगतो. टेप्यानं. दर बुधवारी झाडलोट करायला तो एकटाच येतो. खिशात मशीनच्या तेलाची बाटली, आणि दिसेल त्याला तेल घालायची खोड. झाकण उघडलं असणार, चकती हरवली असणार, आणि आता मूग गिळून गप्प."

टेप्या नेमका त्या दिवशी कुणाचा तरी कोट पोचवायला गेला होता. गळ्यात कायम मापाची टेप, म्हणून टेप्या. तो दादाचा शाळेपासूनचा मित्र. बायको गेल्यापासून त्याचं दुकान आणि ही खोली, एवढंच त्याचं जग होतं.

मंडळाचा नियम एकच होता. दुसऱ्याच्या इंजिनाला न विचारता हात लावायचा नाही. लावला तर किल्ली टेबलावर ठेवायची आणि जिना उतरायचा. किल्ल्या तीनच होत्या: डॉक्टरांकडे, टेप्याकडे आणि दादाकडे.

"पुढच्या शनिवारपर्यंत मला द्या," तपासबाई म्हणाली. "तोवर कुणी कुणाला काढायचं नाही."

"त्यात शोधायचं काय आहे?"

"ते शोधल्यावर सांगते."

डॉक्टरांनी कुरकुरत आपल्या डबीतून नवी चकती काढून चिमट्यानं बसवली. काळे स्क्रू पुढे, पितळी मागे, सगळं जिथल्या तिथं. दादानं गाडी सोडली. म्हातारी गपचूप बोगद्यात शिरली, गपचूप बाहेर आली, गपचूप पूल ओलांडला. स्टेशनात एक पांढरी रेघ होती, इंजिनाचं नाक बरोब्बर तिथं थांबवायचं. दादाचा त्यात हातखंडा होता.

म्हातारी रेघेवर आली, रेघेपुढे गेली, फलाट संपला तरी जातच राहिली. शेवटचा अडसर उडवून ती टेबलाच्या काठावरून खाली पडली, ती तपासबाईनं कशीबशी दोन्ही हातांत झेलली म्हणून वाचली.

दादा अजून कंट्रोलर धरून उभा होता. चेहरा पांढराफटक पडला होता.

२

सोमवारी तपासबाई डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसली. दातांचे साचे मांडलेल्या कपाटासमोर तिनं त्यांना चांगलं धारेवर धरलं.

"प्रदर्शनात म्हातारी नसती तर कुणाचं इंजिन पुढे असतं?"

"माझं. नवीन आहे, देखणं आहे, आणि ओरडत नाही." डॉक्टर भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले. "म्हणजे तुम्ही माझ्यावरच संशय घेताय."

"मी सगळ्यांवर घेते. माझ्या सख्ख्या भावावरही."

डॉक्टरांना ते पटल्यासारखं दिसलं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "आता विषय काढलाच आहे तर सांगतो. तुमच्या दादाच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी आहे. परवा त्यानं माझ्या नव्या इंजिनावर चहाचा कप ठेवला. टेबलावर, अगदी त्याच्या पुढ्यात होतं ते. मी काही बोललो नाही, पण मनाला लागलं."

"तो काय म्हणाला?"

"काहीच नाही. कप हलला तेव्हा दचकला, आणि उचलून बाजूला ठेवला. माफीसुद्धा नाही."

तपासबाई तिथून निघाली ती थेट टेप्याच्या दुकानात. टेप्या मशीनवर वाकला होता. तिला पाहताच तो कावराबावरा झाला आणि पायाखालची मशीन त्यानं उगाचच जोरात चालवली.

"आळ आलाय तुझ्यावर. कानावर आलं असेलच."

"आलं."

"मग? काही म्हणणं आहे का नाही?"

"काढतात तर काढू देत," टेप्या मान वर न करता म्हणाला. "तू यात पडू नकोस."

"वा! तुझी वकिली करायला मी उन्हातान्हाची आले, आणि तू मलाच दार दाखवतोस."

टेप्या हसला नाही. तपासबाईची नजर दुकानात भिरभिरली. खुंटीवर एक नवी कोरी गडद निळी पँट टांगलेली होती, आणि कमरेला लावलेल्या चिठ्ठीवर दादाचं नाव होतं.

"दादा आणि निळी पँट? जन्मात काळीशिवाय घातली नाही त्यानं."

"कापड त्यानंच निवडलं," टेप्या म्हणाला. "चांगलं दिव्याखाली नेऊन निवडलं."

मग त्यानं टाचण्या ओठांत धरल्या, म्हणजे बोलायला नको. तपासबाईला राग आला. निर्दोष माणूस असा तोंडाला कुलूप लावून बसत नाही, हे तिच्या इतक्या वर्षांच्या नोकरीनं तिला शिकवलं होतं. आणि टेप्यानं हे केलं असेल यावर तिचा काडीचा विश्वास बसत नव्हता.

३

दादाच्या घरी वहिनी एकटीच होती. दादा फिरायला गेला होता.

"अलीकडे फारच फिरतात," वहिनी म्हणाली. "घरात असले की चिडचिड. पेपर बंद केला. म्हणे, बातम्या सगळ्या त्याच त्या. पूर्वी कोपऱ्यातली जाहिरातसुद्धा सोडायचे नाहीत."

"कधीपासून?"

"कोण जाणे. कळेपर्यंत बंदच झाला होता." वहिनीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "वन्सं, तुम्ही इंजिनाचा चोर शोधताय की माझा संसार तपासताय?"

"चोर शोधतेय. संसाराला मी हात लावणार नाही."

"लावला तरी चालेल. एक गोष्ट विचारा तुमच्या दादाला. माझ्याकडे बघून बोलत का नाहीत? मी समोर बसले की नजर माझ्या कानाशी कुठंतरी. पहिल्यांदा वाटलं रागावलेत. मग वाटलं, काही लपवताहेत." वहिनीचा आवाज चिरकला आणि तिनं तो लगेच सावरून घेतला. "या वयात काय लपवायचं असतं हो माणसाला?"

वहिनीच्या मनात भलतंसलतं येत होतं, आणि तपासबाईच्या स्वतःच्या मनात आलेलं त्याहून बरं नव्हतं.

४

बुधवारी प्रदर्शनाची बांधाबांध करायला चौघेही जमले. डोंगर पुठ्ठ्याच्या खोक्यात गेला, पुलाचे दोन तुकडे झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, उरलेल्या रुळांवर म्हातारीला एकदा पळवून बघू.

दादानं गाडी सोडली.

चींऽऽ.

डॉक्टरांनी खाडकन कंट्रोलर बंद केला. झाकण उघडायची गरजच नव्हती, तरी त्यांनी ते उघडलं. स्वतः बसवलेली नवी चकती गायब होती. तपासबाई मात्र आत बघत नव्हती. ती म्हातारीच्या नाकाकडे बघत होती. या वेळी पुढचे दोन्ही स्क्रू पितळी होते.

"पुन्हा," डॉक्टर रागानं म्हणाले. "ज्यानं केलंय त्यानं निदान तोंड तरी उघडावं."

दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता. टेप्यानं एकदा त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि गळ्यातली टेप काढून हाताला गुंडाळली.

"मीच ते," टेप्या म्हणाला. "मी तेल घातलं. दोन्ही वेळा. घालताना काहीतरी पडलं असेल."

"शनिवारी किल्ली आणून ठेव," डॉक्टर म्हणाले.

"थांबा," तपासबाई टेप्यासमोर जाऊन उभी राहिली. "तेल कुठून घातलंस?"

"कुठून म्हणजे? वरचं झाकण उघडून."

"कसं उघडलंस?"

"वरचा स्क्रू काढला."

तपासबाईनं डॉक्टरांकडे पाहिलं. म्हातारीला वर स्क्रूच नव्हता. चारही स्क्रू पुढच्या आणि मागच्या तोंडाला होते. आणि आतला दांडा कोरडा ठणठणीत होता, तेलाचा थेंबही नाही. तेल घातलं असतं तर आवाज उलट काही दिवस दबला असता.

डॉक्टरांनाही ते कळलं. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला आणि ते गोंधळून टेप्याकडे बघत राहिले.

"हा खोटं बोलतोय," ते म्हणाले. "पण न केलेला गुन्हा कोण कबूल करेल?"

"जो दुसऱ्या कुणाला तरी वाचवतोय तो," तपासबाई म्हणाली.

टेप्या जिना उतरून निघून गेला होता. दादा अजूनही खिडकीशीच होता. त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासबाईनं दादाला खोलीवर बोलावून घेतलं. अर्धवट उसकटलेल्या टेबलाशी दोन खुर्च्या मांडून दोघं बसली. खाली सायकलवाल्यानं कुठल्याशा चाकाची ठोकाठोक सुरू केली होती.

"सापडला का चोर?" दादानं विचारलं.

"सांगते. आधी ऐकून घे." तिनं नोकरीत अहवाल वाचायची तशी सुरुवात केली. "किल्ल्या तीन, माणसं तीन. डॉक्टरांना म्हातारी प्रदर्शनातून घालवायची असती तर त्यांनी एखादी तार तोडली असती. गाडी बंद, विषय संपला. इथं गाडी चालू ठेवलीय, नीट पळेल अशी ठेवलीय, फक्त तिला ओरडायला लावलंय. म्हणजे ज्यानं केलं त्याला तिचा आवाज हवा होता."

दादानं मान भिंतीकडे वळवली.

"टेप्याला स्क्रू कुठं आहेत हेही माहीत नाही, तो बाद. पण खरी गोष्ट स्क्रूंची आहे. चारही एका मापाचे, फरक फक्त रंगाचा. खोलणाऱ्याचा हात इतका सराईत की कुठं ओरखडा नाही, एवढीशी चकती नेमकी काढलेली. आणि तोच माणूस पितळी स्क्रू म्हातारीच्या नाकावर लावून मोकळा होतो. एकदा नाही, दोनदा. डॉक्टर भिंग लावून काम करतात, त्यांच्या हातून हे होणार नाही. टेप्या दिवसभर रंगाला रंग जुळवून दोरा ओवतो, त्याच्याही हातून होणार नाही. ही चूक बोटांनी बघणाऱ्या माणसाची आहे."

तिनं पर्समधून दोन स्क्रू काढले आणि त्याचा तळहात उघडून त्यावर ठेवले.

"यातला काळा कोणता, दादा?"

दादानं स्क्रू बोटांत घेतले, फिरवले, एकावर अंगठा घासला, मग दुसऱ्यावर. त्यानं ते खिडकीच्या दिशेनं धरले आणि मान इकडून तिकडे वळवली. ठोकाठोक थांबली होती. तपासबाईला त्याच्याकडे बघवेना, पण तिनं नजर हलवली नाही.

"सांगता येत नाही," तो शेवटी म्हणाला.

"कधीपासून?"

"मधोमध धुरकट डाग आहे. कडेचं दिसतं, रस्ता दिसतो, माणूस आला-गेला दिसतं. जिकडे बघायला जावं तेच नेमकं जातं." तो सावकाश बोलत होता. "डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, एकटाच. ते म्हणाले, फारसं काही करता येणार नाही. परत येताना ठरवलं, हिला कळू द्यायचं नाही. कुणालाच नाही. एकदा कळलं की हाताला धरून फिरवतील मला. नकाशे काढलेत गं मी. दुसऱ्यांना रस्ते दाखवलेत."

"आणि म्हातारी?"

"गाडी कुठं आहे तेच कळेना. मग चकती काढली. ओरडायला लागली की बोगद्यातला आवाज वेगळा, पुलावरचा वेगळा, फलाटाशी वेगळा. डोळे मिटून रेघेवर थांबवीन." क्षणभर त्याच्या आवाजात जुना तोरा आला. "डॉक्टरनं चकती बसवली आणि मला एकदम काही समजेनासं झालं. त्या दिवशी मी खरंच घाबरलो."

तपासबाईला रडू आलं. तिनं ते येऊ दिलं, रुमालानं नाक पुसलं आणि मग विचारलं, "टेप्यानं काल तुझ्यासाठी आळ अंगावर घेतला. तू तिथंच उभा होतास."

"माझ्या तोंडून शब्द फुटला नाही."

"आज फुटेल?"

"रविवार होऊ दे," दादा पुढे झुकला. "फक्त रविवार. एकदा लोकांसमोर चालवतो, मग सगळ्यांना सांगतो. टेप्याला मी समजावीन. तो समजून घेतो."

"तो समजून घेतो म्हणून त्यानं शनिवारी किल्ली ठेवायची, आणि तू रविवारी गाडी चालवायची?"

"तुला बोलायला काय जातं?" दादा चिडून उठला, खुर्चीला अडखळला आणि टेबल धरून उभा राहिला. "लहानपणापासून अशीच आहेस. एकदा धरलं की सोडायचं नाही."

"नाही सोडणार," तपासबाई म्हणाली. त्याच्यावर तिचा फार जीव होता, आणि तरीही ती हटणार नव्हती. "शनिवारी तू बोल. तू बोलला नाहीस तर मी बोलेन."

६

शनिवारी टेप्या सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. गळ्यात टेप नव्हती. डॉक्टर आले तसा तो उठला आणि त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. डॉक्टरांना ती उचलवेना. खोटा कबुलीजबाब त्यांना बुधवारपासून टोचत होता, पण दुसरं नावही त्यांच्याकडे नव्हतं.

दादा आला, टेबलाची कड चाचपत आपल्या जागी उभा राहिला. तपासबाई त्याच्याकडे बघत होती. डॉक्टर खाकरले. टेप्या दाराकडे निघाला.

तपासबाईनं तोंड उघडलं, तेवढ्यात दादा म्हणाला, "टेप्या, किल्ली उचल."

त्यानं शर्टाच्या खिशात बोटं घातली आणि दोन पितळी चकत्या टेबलावर ठेवल्या.

"या मी काढल्या. दोन्ही वेळा. मला दिसत नाही. आवाजावर गाडी चालवत होतो." एवढं बोलून त्याला दम लागला. "टेप्यानं काही केलेलं नाही. तो खोटं बोलला आणि मी बोलू दिलं. मी फार वाईट वागलो."

डॉक्टर खाली बसले.

"म्हणजे माझ्या इंजिनावर कप ठेवलास तो..."

"कसला कप?" दादानं विचारलं.

डॉक्टरांनी भिंगाचा चष्मा काढला आणि ते डोळे चोळत बसले. टेप्या दारातून परत आला.

"मला केव्हाच कळलं होतं," तो दादाला म्हणाला. "दिव्याखाली उभा राहून, काळं म्हणत निळं कापड काढून दिलंस माझ्या हातात."

"मग बोलला का नाहीस?"

"तूच बोलत नव्हतास. मी कोण बोलणारा?"

"आणि निळं आहे हे तरी सांगायचं होतंस. शिवलीस तशीच?"

"शिवली. छान झालीय," टेप्या म्हणाला. तेव्हा तपासबाई हसली आणि डॉक्टरही.

दादा हसला नाही. तो टेबलाच्या कडेनं टेप्यापर्यंत आला. "मला माफ कर," तो म्हणाला. टेप्यानं त्याचा दंड धरला आणि धरूनच ठेवला. दादानं तो सोडवून घेतला नाही.

नियमाचा प्रश्न डॉक्टरांनी अध्यक्षाच्या अधिकारात निकालात काढला. स्वतःचं इंजिन उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. उद्या म्हातारी दादानंच चालवायची, आणि कुणी कानात बोटं घातली तर त्यांच्याशी अध्यक्ष बोलतील. हे त्यांनी इतक्या जोरात सांगितलं की खालचा सायकलवाला काय झालं म्हणून जिन्यात डोकावून गेला.

सगळे निघाले तेव्हा दादा जिन्याच्या तोंडाशी थांबला.

"धाकटे, टेप्या, तुम्ही दोघं घरी चला," तो म्हणाला. "हिला सांगायचंय. एकट्याला जमणार नाही."

वहिनीनं दार उघडलं. तिघांना एकदम दारात पाहून तिचा चेहरा उतरला. "काय झालं?" तिनं तपासबाईला विचारलं.

तपासबाई बाजूला सरकली. हे सांगायचं काम तिचं नव्हतं.

"मला तुझा चेहरा दिसत नाही गं," दादा म्हणाला. "बरेच दिवस झाले. सरळ तुझ्याकडे बघितलं की तूच दिसेनाशी होतेस. म्हणून बघत नव्हतो."

वहिनी तशीच उभी राहिली. मग ती उंबरठा ओलांडून बाहेर आली, त्याच्या अगदी जवळ, कपाळाला कपाळ लागेल इतकी. टेप्यानं आणि तपासबाईनं माना वळवल्या.

"आता?" तिनं विचारलं.

"जरासा," दादा म्हणाला.